पुस्तकातले दहा अंश

वयाच्या अठराव्या वर्षी मी रहमानचाचांच्या गॅरेजच्या भिंतीवर, चार गिऱ्हाइकांदेखत, खडूनं त्यांची चूक लिहून आले. अक्षर सुरेख होतं. रेघा पट्टीनं मारल्या होत्या. खाली ‘आधार : गाडीचे पुस्तक’ असंही लिहिलं होतं, म्हणजे कुणाला शंका नको. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ती मला कळायला आठ कोस रस्ता आणि एक लोणच्याची बरणी खर्ची पडली. आता सत्तरी उलटल्यावर हे कबूल करताना मजा येते. तेव्हा मला मजा येत नव्हती. तेव्हा मला सगळं येत होतं.

आमचं घर अकोल्याला, जठारपेठेत. बाबा जिनिंगमध्ये रुईचे ग्रेडर होते. म्हणजे रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढायचा, तुटला की जुळवून पुन्हा ओढायचा, आणि शेवटी बोटांत उरलेल्या धाग्याकडे डोळे बारीक करून पाहत मालाची जात, धाग्याची लांबी आणि आणणाऱ्याची नियत असं सगळं एका दमात सांगायचं. मोजपट्टी त्यांच्या खिशात असे, पण ती पाठ खाजवायला. संध्याकाळी जिनचा भोंगा झाला की थोड्या वेळानं ते दारात उभे राहत, भुवयांवर आणि कानांतल्या केसांवर रुई. आई त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवून टॉवेलनं झटकायची आणि म्हणायची, “आलं माह्यं बोंड फुटून.” मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग त्याची भणभण, आणि तव्यावर ज्वारीची भाकर. त्या स्टोव्हचं आणि आईचं दोन वर्षांपासून बिनसलेलं होतं. रॉकेलचा डबा महिना संपायच्या आठ दिवस आधीच खडखडायचा. आईला वाटे राशनवाला माप मारतो. ती रांगेत उभी राहून त्याच्याशी भांडून यायची, आणि तिच्या भांडणाला अख्खी रांग साथ द्यायची. मी मात्र सायन्सचं एक वर्ष पुरं केलेली मुलगी. मी आईला पाटावर बसवून अपूर्ण ज्वलनावर पाऊण तास समजावलं आणि सांगितलं की दोष राशनवाल्याचा नाही, तुझ्या पंप मारण्याचा आहे. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “झालं तुह्यं? मंग आता तूच पेटव.” मला तो पेटवता आला नाही, ही गोष्ट मी त्या काळी कुणाला सांगत नसे.

हंगामात बाबांना दर्यापूर, मुर्तिजापूर, अंजनगाव असं फिरावं लागे, म्हणून त्यांनी एका निवृत्त साहेबाची जुनी विलायती गाडी घेतली होती. पुढे पेट्रोलचा भाव एकाएकी असा चढला की गल्लीतल्या दोन गाड्या विकल्या गेल्या आणि तिसरीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. बाबांची गाडी मात्र फिरत राहिली. गल्लीत त्यांचा वट वाढला. गाडीबरोबर तिचं एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते कुणी उघडलं नव्हतं, म्हणून मी उघडलं. त्यात एक तक्ता होता. डाव्या बाजूला इंजिनचे मिनिटाचे फेरे, उजव्या बाजूला अंश, म्हणजे एका फेऱ्याचे तीनशेसाठावे भाग. इतक्या फेऱ्यांना पिस्टन वर पोचायच्या इतके अंश आधी ठिणगी पडली पाहिजे. सुरुवातीलाच, हळू फिरताना, दहा.

ठिणगी आधी का, हे मला आमच्या स्वयंपाकघरामुळे समजलं, आणि पुढे तंत्रनिकेतनात तीस वर्षं मी ते असंच शिकवलं. बाबांना जेवायला हाक मारली की ते लगेच येत नसत. पेपरची घडी, चष्म्याची डबी, मोरीवर हातपाय. हा वेळ ठरलेला. म्हणजे भाकर तव्यावरून उतरताना ते पाटावर हवे असतील, तर हाक आधीच मारली पाहिजे. आग पेटायलाही असाच ठरलेला वेळ लागतो. आईचा हात भराभर चालत असेल तर हाक आणखी आधी. म्हणून फेरे वाढले की अंशही वाढतात. पण हाक फारच लवकर गेली तर आई पीठ मळत असतानाच बाबा येऊन बसत आणि रिकाम्या ताटावर वाटी वाजवत. इंजिनातही तेच होतं. पिस्टन अजून वर चढतोय आणि आगीचा धक्का वरून खाली. आतून ठणठण ऐकू येते, त्याला मिस्त्री लोक ‘नॉक मारते’ म्हणतात. आणि ज्या दिवशी भज्यांचा घाणा असेल त्या दिवशी हाक उशिराच मारायची, कारण वासानंच माणूस अर्धा उठलेला असतो. हे शेवटचं त्या जुन्या तक्त्यात नव्हतं. माझी नात मुक्ता हल्ली अमरावतीला लॅपटॉपवर जो तक्ता उघडून बसते त्यात आहे: आडवे फेरे, उभा इंजिनवरचा भार, आणि मधल्या दोनशे-अडीचशे चौकोनांत एकेक आकडा, लाल-पिवळा-हिरवा रंगवलेला. भार वाढला की आकडा उतरतो. मी तिला म्हटलं, “ही भज्यांची रांग.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी अठरा वर्षांची मूर्ती आठवली.

तर त्या मूर्तीनं काय केलं ते सांगते. टॉर्चचा एक बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या, एक डिस्ट्रिब्यूटरला, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीला, आणि एक इंजिनच्या लोखंडाला लावली, आणि पुढून हँडल घालून इंजिन केसाकेसानं फिरवलं. बल्ब लागला की त्या क्षणी ठिणगी. तेव्हा पुलीवरची खूण कुठे आहे ते पाहायचं. खूण दहावर हवी होती. होती चारवर. मी तीनदा पाहिलं. सहा अंश कमी! आमच्या गाडीला गेली दोन वर्षं रहमानचाचांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मला असा आनंद झाला, जसा परीक्षेत मास्तरांचीच चूक सापडल्यावर होतो.

रहमानचाचांचं गॅरेज आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. उंच, किडकिडीत माणूस, दाढीला मेंदी, कानामागे पेन्सिल. सकाळी उर्दू पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. मी तेव्हा मुद्दाम पुस्तकी मराठी बोलत असे. वाटायचं, त्यानं नाक जरा उंच दिसतं. तशीच गेले आणि म्हणाले, “चाचा, आमच्या गाडीचं टायमिंग तुम्ही सहा अंश मागे ठेवलं आहे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे. “हाव. ठेवलं.”

“पुस्तकात दहा दिले आहेत.”

“देले असतीन. तू राहू दे, बेटी. जशी हाय तशी चालू दे.”

“पण का?”

“थे मी तुह्या बाबाले सांगन.”

मला वाटलं, उत्तर नाही म्हणून टोलवताहेत. मग मी तो खडू घेतला. गिऱ्हाइकं हसत होती, चाचा कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवत होते, आणि मी भिंतीवर फेरे आणि अंश लिहीत होते. चार लोकांत तो माणूस मला काय सांगणार होता, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्याकडे तेव्हा उत्तरंच इतकी होती की प्रश्नांना जागा नव्हती.

घरी येऊन मी डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला केला, तो बोटभर फिरवला आणि खूण दहावर आणली. बाबांना बसवून जठारपेठेतून एक चक्कर मारली. गाडी अशी उचलली की बाबांची टोपी मागच्या सीटवर गेली. त्या रात्री जेवताना ते खुशीत होते, आणि मी तोच मोका साधला. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात मोटारीच्या डिप्लोमाला मी अर्ज केला होता. दोन दिवसांनी मुलाखत होती आणि फॉर्मवर पालकाची सही अडली होती. बाबांच्या मनात चांदूर रेल्वेचं एक स्थळ होतं. मुलगा एकुलता, घरी किराणा दुकान, आणि मुलगी शिकलेली असावी पण अजून शिकत नसावी अशी त्यांची अपेक्षा.

बाबा म्हणाले, “ठीक हाय. तुह्या हातानं लावलेली गाडी आपल्याले मुलाखतीच्या टायमाले अमरावतीत पोचवते का पाहू. पोचली तं सही. नाई पोचली तं रविवारी चांदूरचे लोक येतीन, अन् तू गुमान चहा घेऊन येजो.”

“कबूल,” मी म्हटलं. माझ्या पाठीशी अख्खं पुस्तक होतं.

आदल्या दिवशी चाचा रस्त्यात भेटले. “किती केलं?” त्यांनी विचारलं. “दहा,” मी मान ताठ करून म्हटलं. “दहा,” ते म्हणाले. “बरं. उद्या कितीले निंगता?” मी म्हटलं, सातला. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. मला वाटलं, हरले.

जूनचा पहिला आठवडा होता, सकाळी सातलाच ऊन अंगावर धावून येत होतं. आईही आमच्याबरोबर निघाली होती; डिकीत तिनं अमरावतीच्या आत्यासाठी कुरडयांचा पत्र्याचा डबा, शेवयांचे दोन स्टीलचे डबे आणि नव्या लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवली. बाबांनी लांबचा पल्ला म्हणून आदल्या संध्याकाळी टाकी स्वतः भरून ठेवली होती. बोरगाव मंजूपर्यंत गाडी छान पळाली. मग आवाज येऊ लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा.

“काय वाजून राह्यलं वं?” बाबांनी विचारलं.

“आईचे डबे,” मी म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता.

गाडी थांबवली. डब्यांना टॉवेल गुंडाळले. निघालो. कोसभरानं पुन्हा खडे. पुन्हा थांबलो; आईनं कुरडयांचा डबा पायाशी घेतला. पुन्हा खडे. मी वैतागून म्हटलं, “ती बरणी असेल, झाकण सैल असणार. सामान नीट बांधायलाही शास्त्र लागतं, आई.” आईनं बरणी मांडीत घेतली, शेवयांचे डबे दोन्ही काखोट्यांत धरले, आणि गाडी सुरू झाल्याबरोबर पुन्हा तोच आवाज आला तेव्हा समोर पाहत म्हणाली, “आता का माह्ये दात वाजून राह्यले?”

काटेपूर्णेच्या पुलानंतर थोडा चढ आहे. चढ कसला, सायकलवाले दूधवाले तो बोलत बोलत चढतात. आमची गाडी तिथे धापा टाकू लागली. मी पाय जोरानं दाबला, तसे खडे आणखी जोरानं वाजले, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. गाडी एका निंबाखाली गेली आणि तिनं मान टाकली. लोणचं आईच्या लुगड्यावर सांडलं. नऊ वाजले होते. मुलाखत बारा वाजता. बाबा खाली उतरले, घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि रुमालानं टोपीवरची धूळ झटकू लागले. मला त्या रुमालात चांदूर रेल्वेचा चहाचा ट्रे स्पष्ट दिसला. मी पुस्तक उघडलं. तक्ता जिथल्या तिथे होता. दहा.

पाऊण तास असा गेला. मग अकोल्याकडून एसटी आली, आमच्यापुढे थांबली, आणि रहमानचाचा खाली उतरले. हातात पेपरात गुंडाळलेला पाना आणि पाण्याची कॅन.

बाबा थक्क. “तुमी इकडे कसे?”

“खिडकीतून पाहूनच राह्यलो होतो बोरगावपासून. मले वाटलं मुर्तिजापूरपर्यंत तरी जाईन.” चाचा माझ्याकडे वळले. “पोरीनं हात चांगला लावला, म्हनून लवकर थांबली.”

हा टोमणा होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी इंजिन निवू दिलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्यूटर बोटभर मागे फिरवला, आणि मला म्हणाले, “चालू कर. बाबाले बसव, भाभीले बसव, सामान ठेव. रिकामी गाडी कधी खरं बोलत नाई.” मग स्वतः बसून त्यांनी तोच चढ पुन्हा चढवला. खडे नाहीत. ठणठण नाही. गाडी जुन्या पद्धतीनं, जरा आळसावून, पण मुकाट्यानं वर गेली.

“पण दहा बरोबर आहेत!” मी जवळजवळ रडत म्हटलं. “मी तीनदा पाहिलं!”

चाचांनी बाबांकडे पाहिलं. ते पाहणं लांब होतं. बाबा रस्त्यापलीकडच्या नांगरलेल्या वावरात काहीतरी शोधत होते. मग चाचा म्हणाले, “टाकीचं झाकन खोल. वास घे.”

मी झाकण उघडलं आणि वाकले. वास ओळखीचा होता, इतका ओळखीचा की क्षणभर मला भूक लागली. माझ्यामागे आई येऊन उभी राहिली. तिनंही वाकून वास घेतला. मग सरळ झाली.

“हा तं माह्या घरचा वास हाये,” ती म्हणाली.

पेट्रोल महागल्यापासून बाबा टाकीत रॉकेल मिसळत होते. रॉकेल म्हणजे उपाशी पाहुणा, हाक मारायच्या आधीच पाटावर बसतो; म्हणून चाचांनी हाक सहा अंश उशिरा ठेवली होती, आणि दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी ती हाक पुन्हा लवकर केली, भर गाडीला, चढावर, जून महिन्यात. आणि वर भिंतीवर लिहून आले.

“त्या राशनवाल्याले मी रांगीत चोर म्हनलं,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून बाबा जास्त घाबरले. “दर महिन्याले म्हनलं. अन् या पोरीनं मले पंप माराले शिकवलं.” तिनं बाबांपुढे हात पसरला. “फारम काढा.”

“अवं पन ठरलं होतं,” बाबा म्हणाले. “गाडी बंद पडली ना. पोरीच्या हातची गाडी—”

“पोरीनं बंद पाडली का माह्या रॉकेलनं? चाचा, तुमी सांगा.”

चाचांनी हात पुसत दोघांकडे पाहिलं. “भाभी, अर्धी पोरीनं, अर्धी ग्रेडरसाहेबानं. मी तं यस्टीनं आलो.”

बाबांनी फॉर्म बॉनेटवर ठेवला, बोट भाजलं, आणि शेवटी कुरडयांच्या डब्याच्या झाकणावर ठेवून सही केली. त्या सहीला आजही माझ्या कागदपत्रांत तेलाचा एक गोल आहे. लोणच्याचा. पैज मी हरले होते आणि सही मिळाली होती. माझ्या कर्तृत्वाचा पाया असा दुसऱ्याच्या अपराधावर उभा आहे. चांदूरच्या त्या गृहस्थांना मी पुढे एकदाच पाहिलं, आमच्या कार्यशाळेत, बिघडलेली स्कूटर घेऊन आले होते. टायमिंग मीच लावून दिलं. आधी वास घेतला.

अमरावतीला पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. मुलाखतीला तीन साहेब. त्यातल्या पहिल्यानं माझ्या हातांवरचं ग्रीस पाहून गंमत म्हणून विचारलं, “इंजिन नॉक मारत असेल तर तुम्ही सर्वांत आधी काय कराल?”

“टाकीचं झाकण उघडून वास घेईन,” मी म्हटलं.

दोघे मोठ्यानं हसले. तिसरे हसले नाहीत. त्यांनी घाईघाईनं खिडकीबाहेर, जिथे त्यांची गाडी उभी होती, तिकडे पाहिलं आणि माझ्या नावापुढे खूण केली.

यादीत नाव लागल्यावर मी पेढे आणि एक ओलं फडकं घेऊन गॅरेजवर गेले. पेढे दिले आणि भिंत पुसायला लागले तर चाचांनी हात धरला. “राहू दे. अक्षर चांगलं हाय. लोकं वाचते, मले इज्जत देते.” मी वऱ्हाडीतच म्हटलं, “चाचा, मले माफ करा.” पुस्तकी मराठीत मला ते जमलंच नसतं. त्यांनी गल्ल्याखालून एक काळी वही काढली, उर्दूत लिहिलेली, आणि बोट ठेवून मला वाचून दाखवू लागले. “वकीलसाहेब, किताबाबरोबर. डॉक्टर, दोन कमी, त्याईचा ड्रायव्हर भेसळ करते. पाटील, तीन कमी, गाडीत दहा मानसं बसवते. ग्रेडरसाहेब, सहा कमी.”

म्हणजे तक्ता त्यांच्याकडेही होता. मी म्हटलं, “चाचा, याच्यात गाडीचं नावच नाई. हे तं मानसाईची यादी हाय.”

“मंग गाडी कोन चालवते?”

“म्हनजे पुस्तक चुकीचं?”

त्यांनी वही मिटली, एक पेढा तोंडात टाकला, तो पुरता संपवला, आणि म्हणाले, “किताब एकदम बरोबर हाये, बेटी. फक्त लिवनाऱ्यानं तुह्या बापाले पाह्यलं नोतं.”